गाडीच्या डोळ्याबद्दल मालोजीदादांस

संत तुकाराम नगर, पिंपरी
कार्तिक वद्य पंचमी

ती. स्व. मालोजीदादा यांस,

अर्जुनचा वाकून नमस्कार. सुभद्रावहिनींनाही तोच.

पाकीट पाहून घरात काळजी नको, म्हणून पहिल्याच ओळीत लिहितो की इकडे सगळं ठीक आहे. मी जेवतो, झोपतो, सकाळी बागेत चार फेऱ्या मारतो. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? डॉक्टरांनी दिलेली नीकॅप गेल्या खेपेला मला फडताळात दिसली होती. ती फडताळाच्या गुडघ्यासाठी नाही, तुमच्या गुडघ्यासाठी आहे, एवढं वहिनींनी माझ्या वतीने तुम्हाला सांगावं. कांद्याची रोपं लावून झाली असतील. तुमच्या धनेशबरोबर पाठवलेला इंद्रायणी तांदूळ पोचला. भात उत्तम होतो, घरभर वास सुटतो. एकट्या माणसाला दहा किलोचं पोतं कशाला, असं मी धनेशला म्हटलं, तर तो म्हणाला, "आत्याचा वाटा हाय. दरसालचा. तो कमी करायचा न्हाई म्हनलेत अण्णा." यावर मी त्याला चहा दिला.

पुढच्या महिन्यातल्या अष्टमीला जयमालाचं वर्षश्राद्ध. आळंदीला घाटावर विधी, आणि त्यासाठी तुम्हाला न्यायला मी पाईटला गाडी घेऊन येणार, हे आपलं ठरलेलं आहे. हे पत्र त्या गाडीबद्दल आहे. फोन का केला नाही, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही "बोला दाजी" म्हणता आणि मग स्वतःच बोलता. (ही तक्रार नाही. जयमाला म्हणायची, दादा बोलतो आणि तुम्ही ऐकता, म्हणून तुमचं दोघांचं जमतं.) पण ही गोष्ट मधूनच तोडून सांगण्यासारखी नाही, आणि तुमच्या बोलण्यात शिरायची सवय मला एकतीस वर्षांत झालेली नाही.

तर गाडी. तुम्ही तिच्यात बसला आहात, पण तिला एक डोळा आहे हे तुम्हाला कोणी दाखवलं नसेल. पुढच्या काचेच्या वरच्या अंगाला, आरशाच्या मागे, चिंचोक्याएवढा कॅमेरा आहे. तो दिवसभर रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघा बघत असतो. आपण साइड न दाखवता रेघेवर जायला लागलो की 'टुंग' असा आवाज होतो आणि स्टिअरिंग हाताला किंचित ओढ देतं. कोणी कोपराला धरून हळूच बाजूला घ्यावं, तशी. मी तळवड्याच्या युनिटमध्ये तीस वर्षं गेज रूममध्ये काढली. केसाच्या साठाव्या भागाएवढी चूक पकडणं हेच माझं काम होतं. तरी पहिल्या दिवशी तो टुंग ऐकला तेव्हा मला अंगावर काटा आल्यासारखं झालं. दगड नाही, माणूस नाही, भिंगाचा एक तुकडा, आणि त्याला कळतं की हा माणूस वाहवत चालला आहे.

मी वाहवतो ही गोष्ट मात्र नवी नव्हती. स्कूटर होती तेव्हापासून जयमाला मागे बसून माझ्या खांद्यावर एक बोट टेकवायची. उजव्या खांद्यावर बोट, म्हणजे मी उजवीकडे सरकतोय. तोंडाने काही बोलायची नाही. गाडी घ्यायच्या आधी चक्कर मारायला नेली तेव्हा भोसरीच्या पुलावर टुंग झालं, विक्रेत्याने ते काय आहे ते समजावून सांगितलं, आणि ती शेजारच्या सीटवरून म्हणाली, "बघा. तिऱ्हाइताला सुद्धा दिसतं." तिथेच ही गाडी घ्यायची ठरली. (मला दुसरी निळी आवडली होती. ते आता जाऊ दे.) त्यानंतर वर्ष-सव्वा वर्ष गाडीत दोन सूचना यायच्या, एक टुंग आणि एक 'अहो'. बहुतेक वेळा 'अहो' आधी यायचं. गेज रूमची सवय जात नाही, म्हणून मी मोजलं होतं. दहापैकी सात वेळा ती कॅमेऱ्याच्या पुढे असायची.

मार्गशीर्षात ती गेली. तेराव्याला तुम्ही आलात आणि चाकणच्या स्टुडिओतून तिचा फोटो करून आणलात. पोस्टकार्डाएवढा, जाड लॅमिनेशन केलेला, भोवती सोनेरी चमकती किनार. तुम्ही स्वतः माझ्या सीटवर वाकून बसलात, डॅशबोर्डच्या वर बरोबर मधोमध वेल्क्रो चिकटवलं आणि फोटो थोडा मागे रेलून बसवलात. मला म्हणालात, "दाजी, एकटं फिरू नगा. आमची जयी हाय आता संगं. ती बघंल रस्त्याकडं." तुमच्या हाताला फेव्हिक्विक लागलं होतं आणि ते तुम्ही धोतराला पुसत होतात. (वेल्क्रोला पुन्हा फेव्हिक्विक कशाला, हे मी तेव्हा विचारलं नाही.) तो दिवस मी विसरलेलो नाही. पुढचं सगळं वाचताना हे कृपया लक्षात असू द्यावं.

त्यानंतर दहा महिने मी गाडी काढलीच नाही. पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी होती. या दसऱ्याला धुतली, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, हार घातला, आणि संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास निगडीपर्यंत एक फेरी मारली. परत येताना टुंग झालं. मी "हो" म्हणालो. गाडीत कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅमेरा गेला.

म्हणजे पडला नाही. समोरच्या पडद्यावर पिवळा दिवा लागला आणि खाली मजकूर आला की पुढचा कॅमेरा काम करत नाही, काच पाहावी. मी काच पाहिली. आतून, बाहेरून, ओल्या फडक्याने, कोरड्या फडक्याने, शेवटी वर्तमानपत्राने. दिवा गेला. भोसरीला पोचेपर्यंत पुन्हा आला. गाडी चालत होती, ब्रेक लागत होते, फक्त टुंग नव्हता. गाडीत फार शांत वाटायला लागलं. रेघेवरून मी मुद्दाम दोनदा गेलो. काही नाही.

मोशीच्या पुढे नाशिक रस्त्याला गाडीचं वर्कशॉप आहे, तिथे नेली. काउंटरला मोनिका म्हणून एक मुलगी बसते, ती सगळं लिहून घेते. तिने पहिला प्रश्न विचारला, "काका, पूजेचं गंध काचेवर लावलंत का, कॅमेऱ्यासमोर?" दसऱ्यानंतरच्या आठवड्यात डोळ्याला गंध लावलेल्या आठ-दहा गाड्या येतात म्हणाली. डोळा म्हटल्यावर लोक त्याला कुंकू लावणारच, त्यात त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. मी लावलं नव्हतं. मग ती म्हणाली, "बंद करून देऊ का? अहो, सगळे बंद करून मागतात. तुम्ही पहिलेच, चालू करून मागताय." मी म्हटलं, मला चालू हवं आहे. तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि फॉर्मवर 'ग्राहकाला चालू हवे' असं लिहिलं, त्याखाली दोन रेघा मारल्या.

त्यांनी गाडीला संगणक जोडला. एकही दोष नाही. पिवळा दिवाही नाही. मी सांगतो आहे ते खोटं ठरावं अशी गाडी आत शहाण्यासारखी उभी होती. घरी निघालो, आणि मोशीच्या चौकाच्या अलीकडेच दिवा लागला.

मग मी वही घातली. तारीख, वेळ, ठिकाण, वेग, हवामान. सतरा नोंदी झाल्या. त्यातून एवढं दिसत होतं की सकाळी लवकर दोष नाही, ढग असताना नाही, पुलाखाली नाही, आणि वर्कशॉपच्या फाटकाच्या आत कधीच नाही. दुसऱ्या खेपेला वही मोनिकापुढे ठेवली. तिने पानांचे फोटो काढले आणि आतल्या सगळ्यांना दाखवले. कोणीतरी म्हणालं, "एवढं तर आमच्या ऑडिटला पन नसतं, राव." मला बरं वाटलं, ते लपवत नाही. त्यांनी गाडीत नवं सॉफ्टवेअर भरलं. आता कॅमेऱ्याला रस्ता नव्याने शिकवावा लागेल, असं मोनिकाने सांगितलं. वीस किलोमीटर एकसारख्या वेगाने जायचं, आणि दोन्ही बाजूंना रेघा स्वच्छ हव्यात.

दादा, असा रस्ता शोधायला मी दोन दिवस फिरलो. आपल्याकडे रेघा नाहीत असं नाही. रेघा आहेत. एक रेघ मला भोसरीजवळ भेटली, ती दोनशे मीटर सरळ आली आणि पाणीपुरीच्या गाडीखाली गेली. एका ठिकाणी जुनी रेघ आणि नवी रेघ एकमेकींना छेदून निघून गेल्या होत्या. चाकणच्या बाजूला रेघा आहेत की नाहीत हे मला सांगता येणार नाही, कारण त्यांच्यावर कंटेनर उभे होते. एकसारख्या वेगाचं म्हणाल तर मी ताशी चाळीसने चाललो की मागून टेम्पोवाले माझ्या घराण्याची चौकशी करत. शेवटी स्पाइन रोडला सकाळी साडेसहाला गेलो, ढग होते, रेघा चांगल्या होत्या, आणि इकडून तिकडे, तिकडून इकडे असे सहा फेरे मारले. वीस किलोमीटर भरल्यावर पडद्यावर दोन हिरव्या रेघा उमटल्या आणि मध्ये एक छोटी गाडी. ती मी. मला इतकं नवल वाटलं की गाडी बाजूला घेऊन मी थोडा वेळ त्या चित्राकडे बघत बसलो. दोन रेघांच्या मधोमध. तेवढ्यात ऊन आलं आणि कॅमेरा गेला.

तिसऱ्या खेपेला त्यांनी गाडी ज्योतीरामकडे दिली. हा माणूस लातूरकडचा, चाळिशीचा, कमी बोलणारा. (मला तो लगेच आवडला.) त्याने कॅमेरा काढून पुन्हा बसवला आणि मग त्याचं मोजमाप केलं. ते मी उभं राहून पाहिलं आणि मला ते तुम्हाला नीट सांगता येईल की नाही, शंका आहे. आधी त्याने जमीन पाण्याच्या पातळीने तपासली. चारी चाकांची हवा मोजली. डिकीतून छत्री आणि पाण्याचे कॅन काढून ठेवले, कारण तेवढ्या वजनाने गाडीचं नाक केसभर वर होतं आणि केसभर वर झालेला डोळा शंभर पावलांवर दुसरीच रेघ बघतो. मग गाडीच्या नाकावरून आणि शेपटीवरून ओळंबा सोडला, जमिनीवर खडूने खुणा केल्या, दोरा मारला. गवंडी मारतो तोच दोरा. आणि त्या दोऱ्याच्या टोकाला, ठरलेल्या अंतरावर, काळ्या-पांढऱ्या चौकटींचा एक मोठा फलक उभा केला. गाडीने त्या फलकाकडे बघायचं आणि आपण कुठे उभे आहोत ते ठरवायचं. चार मिनिटं गेली. गाडी बघत होती. मी आयुष्यभर मायक्रोमीटरची चूक काढली, पण नजरेची चूक काढताना कोणाला पाहिलं नव्हतं. पडद्यावर हिरवी खूण आली तेव्हा मी नकळत हात जोडले. ज्योतीराम म्हणाला, "काका, मशीन हाय ते." मी म्हटलं, तुम्हाला जोडले.

परत येताना मोशीच्या चौकाच्या अलीकडे दिवा लागला.

मी तिथूनच गाडी वळवून परत नेली. ज्योतीराम डबा खात होता. त्याने वर पाहिलं, डबा झाकला आणि म्हणाला, "चला, मीच बसतो तुमच्या संगं. बघू तर काय करूलालाव तुमी." आणि तो शेजारच्या सीटवर येऊन बसला.

त्या सीटवर तिच्यानंतर कोणी बसलं नव्हतं. दिवाळीत आला तेव्हा धनेशही मागे बसला होता. ज्योतीरामला हे माहीत असायचं कारण नाही, आणि मी सांगितलं नाही. त्याने सीट मागे सरकवली. ती सीट तिच्या मापाची पुढे होती. मी गाडी सुरू केली.

आम्ही आळंदी फाट्यापर्यंत गेलो, मग तळवड्याच्या बाजूला वळलो. ऊन कडक होतं, पावणेदोन वाजले होते, माझ्या वहीप्रमाणे दोषाची अगदी हमखास वेळ. दोष नाही. तीन वेळा टुंग झालं. बारा किलोमीटर झाल्यावर ज्योतीराम म्हणाला, "काका, गाडी ठणठणीत हाय. आमच्याकडं आली की ठणठणीत, मी बसलो की ठणठणीत. तुमी एकटे असलाव की काय होतंय? आमच्याकडं येताना तुमी गाडीतून काय काढताव?"

दादा, मी एक गोष्ट तुम्हालाही आतापर्यंत सांगितलेली नाही. वर्कशॉपच्या फाटकाशी मी दर वेळी फोटो वेल्क्रोवरून काढत होतो आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवत होतो. तिला अनोळखी माणसांत, ऑइलच्या वासात, तास न् तास एकटी ठेवणं मला बरं वाटेना. बाहेर पडलो की फाटकापाशी थांबून पुन्हा लावायचो. आज ज्योतीराम शेजारी होता म्हणून मला संकोच वाटला, आणि फोटो खिशातच राहिला होता. सतरा नोंदी मी वहीत घातल्या, त्यात हवामान लिहिलं, वेग लिहिला, आणि हे एक लिहिलं नाही. गेज रूममध्ये कोणी असं केलं असतं तर मी त्याला दुसऱ्या खात्यात पाठवला असता.

मी गाडी कडेला घेतली, फोटो काढला आणि जागेवर लावला. ज्योतीराम एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे बघून म्हणाला, "काकू?" मी हो म्हटलं. त्याने पायातले बूट पुसल्यासारखे केले आणि सीट पुन्हा पुढे घेतली. मग म्हणाला, "चला."

तीन मिनिटांत दिवा लागला.

त्याने गाडी सावकाश थांबवायला सांगितली. मग तो आरशाखाली मान घालून, जिथे कॅमेरा आहे तिथे डोळा नेऊन, काचेतून बाहेर बघत राहिला. मग बाजूला झाला आणि म्हणाला, "काका, हितून बघा."

माझी मान तिथे सहज जात नाही, पण नेली. लॅमिनेशनवर ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात फोटो काचेवर उमटला होता. काचेवरही नाही, काचेच्या पलीकडे, समोर रस्त्याच्या वर, आभाळात. तुम्ही लावलेली सोनेरी किनार उन्हाने पेटल्यासारखी दिसत होती आणि तिच्या आत जयमाला, उलटी, डोकं खाली रस्त्याकडे. रस्त्यावरची मधली पांढरी रेघ लांबून सरळ येत होती आणि तिच्या भांगात जाऊन मिळत होती. तिथून पुढे रेघ कुठली आणि भांग कुठला, हे मला सांगता येईना. आणि मी मोजमापाचा माणूस आहे.

ज्योतीराम मागून म्हणाला, "गाडी बिघडली न्हवती, काका. तिला रस्ता आन् काकू एकाच जागी दिसूलालत्या. कळंना झालं तिला. म्हणून तिनं डोळा मिटून घेतला." आणि वर, "तिनं निदान सांगितलं तरी."

महिनाभर त्या कॅमेऱ्याला जे दिसत होतं, ते मला एकदाही दिसलं नव्हतं. मी तिच्या शेजारी बसून गाडी चालवत होतो आणि ती रस्ताभर पसरली होती. मी किती वेळ तसाच वाकून होतो, माहीत नाही. मागून एका टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, "ओ काका, दर्शन झालं का?" असं ओरडला. त्याला काही माहीत नव्हतं. मी हात वर करून हो म्हटलं.

उपाय ज्योतीरामने तिथेच सांगितला, आणि तो गाडीच्या पुस्तकात एकशे बावन्नाव्या पानावर छापलेलाही आहे. डॅशबोर्डवर चमकणारी वस्तू ठेवू नये. (मी ते पुस्तक दोनदा वाचलं होतं. चमकणारी वस्तू म्हटल्यावर मला ती आठवली नाही.) फोटो तिथून हलवला की गाडीत दुसरं काही करायला नको.

म्हणजे मुद्दा असा आहे, दादा. फोटो तुम्ही आणला, तुम्ही बसवला, त्या जागेत तुमचा हात आहे. तो ठेवला तर टुंग बंद. टुंग ठेवायचा तर फोटो तिथे नाही. मला दोन्ही हवं होतं आणि दोन्ही होत नाही. ती असताना रस्त्याकडे बघायची, फोटोत ती फोटोग्राफरकडे बघते आहे. म्हणून मला वाटतं की टुंग ठेवावा. पण तुम्हाला विचारल्याशिवाय मी काही करणार नाही. अष्टमीला तुम्ही गाडीत बसाल आणि डॅशबोर्ड रिकामा दिसेल, तेव्हा दाजींनी जयीला उतरवलं असं तुमच्या मनात क्षणभरही येऊ नये, यासाठी हे एवढं लांबण लावलं. तुमच्या होकाराचं एक कार्ड टाकावं. धनेशकडे निरोप दिला तरी चालेल.

वहिनींना पुन्हा नमस्कार. नीकॅप घालावी.

आपला,
अर्जुन

ता. क. तुमच्या होकाराशिवाय काही करणार नाही असं वर लिहिलं, ते लिहिताना खरं वाटत होतं. फोटो मी मागच्या मंगळवारीच काढला आहे. वेल्क्रो मात्र निघालं नाही, अर्धं डॅशबोर्डला तसंच आहे. तुमचं फेव्हिक्विक चांगलं होतं.

ता. क. २. फोटो मी आधी पुढच्या खणात ठेवला होता. पण तिला बंद अंधाऱ्या जागेची धास्ती होती हे तुम्हाला माहीतच आहे, लहानपणी धान्याच्या कणगीत अडकली होती त्यामुळे. म्हणून खणातून काढून शेजारच्या सीटवर ठेवला. तिथे तो आडवा पडायचा. गुरुवारी धनेशने तांदळाचं पोतं खालीच माझ्या ताब्यात दिलं, तेव्हा ते मी त्या सीटवर ठेवलं आणि फोटो त्याला टेकवला. चांगला बसला. गाडी सुरू करून दहा पावलं गेलो नाही तोच नवीनच आवाज सुरू झाला, टिंग टिंग टिंग, थांबेना. मला वाटलं, पुन्हा मोशी. पडद्यावर पाहिलं तर गाडी सांगत होती की शेजारी माणूस बसलं आहे, त्यांचा सीटबेल्ट लावा.

मी लावला. आवाज थांबला. तेव्हापासून दोन्ही ठीक चालू आहे. काल चिखलीच्या वळणावर टुंग झालं, ते मी डावीकडे बघत होतो म्हणून.

ता. क. ३. मुख्य विचारायचं होतं ते राहिलंच. तुम्ही वडील माणूस, तिचे थोरले भाऊ, गाडीत पुढे बसण्याचा मान तुमचाच, हे मला पूर्ण मान्य आहे. तरी अष्टमीला पाईट ते आळंदी तुम्ही मागच्या सीटवर बसाल का? गुडघ्याला मागे जागाही जास्त आहे.

भात उत्तम होतो असं सुरुवातीला लिहिलं, ते तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. तांदूळ अजून गाडीतच आहे.